पदराच्या गाठी

"मावशी, तिन्ही कर्जांचा मिळून एकच हप्ता करून देतो," सल्लागार म्हणाला. "आधी फी म्हणून एक सुखाची आठवण, लग्न म्हणा, बारसं म्हणा, आणि आजच्या या भेटीची आठवण, एवढं हे यंत्र डोक्यातून काढून घेईल."

शेवंताबाईंना सौदा बरा वाटला. पण सकाळीच लेकीने बजावलं होतं, "आई, आधी फी मागणारा लबाड समज आणि ऊठ." विसरू नये म्हणून आत येताना त्यांनी पदराला गाठ मारली होती. ती चाचपली, तर शेजारी आणखी गाठी लागल्या.

"म्हणजे आज मी आधीही येऊन गेले!"

"बसा हो, मावशी."

बाई तडक बाहेर आल्या आणि त्यांनी फोन काढला.

"कुणाला लावू?" फोनने विचारलं.

लेकीचं नाव काही केल्या आठवेना.