उशिरा निघालेला फोटो

माझी नात मोनाली शिकायला यवतमाळला गेली, त्या वर्षीची गोष्ट. सुटीत ती घाटंजीला आली आणि तिनं बापाचा जुना डिजिटल कॅमेरा पेटीतून काढला. कॉलेजच्या पोरींत आता असेच कॅमेरे चालतात म्हणे. तो कामाचा आहे का, हे तिला पाहायचं होतं.

माझी बायको नलू म्हणाली, “मग माह्याच फोटो काढून पाह्य. मी मेल्यावर भिंतीवर आधार कार्डावरचा लावसान तं पाहा! त्याच्यात मी पकडून आणल्यावानी दिसतो.”

तिनं पदर सारखा केला आणि श्वास रोखून ताठ बसली. मोनालीनं बटण दाबलं. काहीच झालं नाही. नलू तशीच बसलेली.

मी म्हणालो, “श्वास घे वं, नाहीतर फोटो आजच लावा लागन.”

नलू खो खो हसली, आणि तेवढ्यात कॅमेरा वाजला.

“बेकार आहे, आजी,” मोनाली म्हणाली. “बटण दाबलं का लय उशिरा फोटो काढते. थांब, हा मिटवते.”

नलूनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. इवल्याशा पडद्यावर तिचा पदर घसरलेला होता आणि समोरच्या पडलेल्या दाताची खिंड उघडी होती. ती बराच वेळ पाहत राहिली.

“मिटवू नको वं माय. हे मी हावो. सुटली बाप्पा त्या आधार कार्डातून!”

फोटो लावताना कोणाला काही विचारावं लागलं नाही. नलू यंदा वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारली.