बाबामियाँची सही

"सही नसंल तर मी फोटो लावत न्हाय, आजी," नंदीश म्हणाला आणि त्यानं फोटो कुलसुमबीपुढं परत धरला.

कुलसुमबीनं तो घेतला नाही. जळकोटहून जीपमध्ये कोंबून घेऊन, हाडं खिळखिळी करून ती लोहाऱ्याला आली होती, ती काही फोटोला हवा खायला न्यायला नव्हे. शाळेच्या हॉलमध्ये भिंतभर जुन्या लढायांतले शिपाई टांगले होते. कुणी मिशीला पीळ दिलेला, कुणी बंदूक धरून अवघडलेला, आणि प्रत्येकाच्या पायाशी शाईनं केलेली सही. कापडाचं दुकान बायकोच्या हवाली करून नंदीश असले फोटो जमवायच्या नादापायी गावोगाव हिंडतो, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. आता थोड्या वेळात प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. भिंतीवर एक खिळा अजून रिकामा होता.

"खिळा तर मोकळाच हाय की," कुलसुमबी म्हणाली.

"हाय. पण मागं एकानं मला नाटकातल्या शिपायाचा फोटो खपवला, आजी. लई हसले लोक. तवापासून सहीबिगर घेत न्हाय. आन् तुमच्या फोटोची तर खालची पट्टीच कापलीय कुणीतरी."

त्याचं खोटं नव्हतं. फोटोतल्या बाबामियाँचे बूटच अर्धवट होते. त्यांच्या टोकांवरून कुणीतरी वेडीवाकडी कात्री चालवली होती.

बाबामियाँ म्हणजे कुलसुमबीचा बाप. तिनं त्याला पाहिलं ते या फोटोतच. तो ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तो परत आला नाही, त्याची मयतही आली नाही. गावच्या कबरस्तानात सगळ्यांचे बाप होते, तिचा तेवढा नव्हता. जन्मभर ते तिला सलत राहिलं. आज कुठं त्याच्या जोडीदारांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत तिला त्याला उभा करायचाच होता.

फीत कापायला आणलेली कात्री टेबलावर होती. कुलसुमबीनं ती उचलली आणि पदराआडून गळ्यातला तावीज बाहेर काढला. कातडं घामानं काळंकुट्ट झालेलं.

"अम्मी!" सोबत आलेली सून अनिसा ओरडली. "तावीज उकलत नसतात!"

"ह्यात कुराणातली आयत न्हाय, पोरी. छावणीतून फोटो आला आन् मी तापानं फणफणले. अम्मानं सहीची पट्टी कातरून ह्यात शिवली. बाप जवळ न्हाय, त्याचा हात तरी पोरीच्या गळ्याशी राहू दे म्हणली."

"पण तुमाला काय झालं म्हंजी?"

"माझ्या वयात काय व्हायचं ते सगळं होऊन गेलंय."

तिनं कुणाला हात लावू दिला नाही. टाके उसवले. आतून विरलेलं मेणकापड निघालं, त्यातून घडी घातलेली पट्टी. नंदीशनं ती हलक्या हातानं उलगडली आणि फोटोखाली धरली. कड कडेला बरोबर बसली. बाबामियाँच्या बुटांची टोकं पुरी झाली.

सही मात्र नव्हती. पट्टीवर नुसता पिवळट डाग होता. इतक्या वर्षांच्या घामानं शाईचा मागमूस ठेवला नव्हता.

"आजी..." नंदीशनं पट्टी तिच्यापुढं धरली.

कुलसुमबीनं पट्टी खिडकीशी नेली. उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली. तिचा चेहरा पडला. अनिसानं हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला, तसा तिनं तो बाजूला केला. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांतली एक तिनं फरफटत आणली आणि रिकाम्या खिळ्याखाली ठेवली.

"लाव फोटो," ती म्हणाली.

"पण सही..."

कुलसुमबी खुर्चीत ऐसपैस बसली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"ती मुरली माझ्या अंगात. कुणी इचारलं तर माझ्याकडं बोट कर. मी हितंच बसलेय."