नव्वद चौरस

"एक्याण्णव चूक," कमळाकर मास्तर म्हणाले. "लागोपाठ तिसरं उत्तर चुकलं. नियम ठाऊक आहे ना, बाई?"

जिजा गायकवाड उभीच होती. चौक गावात हमरस्त्याला लागून पांडूचं गॅरेज होतं. रविवारी दुपारी तिथे काम बंद असे. जुन्या टायरांवर आणि खोक्यांवर दहाजण बसले होते. त्यांतलं कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

"ठाऊक आहे, सर," ती म्हणाली.

कोडी मंडळ बावीस वर्षांचं होतं. महिन्याला एक कोडं पोस्टकार्डावरून कडावपासून लोधिवलीपर्यंत जाई. उत्तरही कार्डावरूनच परत येई. तीन महिन्यांनी एकदा चहाला जमायचं. लागोपाठ तीन उत्तरं चुकली की वहीतल्या नावावर रेघ आणि कार्ड बंद. मास्तरांनी सख्ख्या मेहुण्याचंही नाव असं कापलं होतं. ती वही आता त्यांच्या मांडीवर होती. पहिल्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव, शेवटच्या ओळीत जिजाचं.

जिजाची लोधिवलीच्या वरच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा होती. भातलावणीत तिथे पोरं फिरकत नसत. मात्र मंडळाचं कार्ड आल्याचं कळलं की बावीसच्या बावीस हजर. कोडं सुटेपर्यंत रोज येत. कार्ड थांबलं तर पटावर नुसती नावं उरतील, हे तिला पक्कं माहीत होतं.

"पांडू, चहा नाही का रे अजून?" मास्तरांनी विचारलं.

त्यांच्या पायाशी रिकामा कप होता. पांडूने तो मुकाट्याने उचलला आणि भरलेला आणून ठेवला.

"बाई," तो हात पुसत म्हणाला, "नव्वद म्हना नि मोकळ्या व्हा. कशाला वाद? आमी दहाजण नव्वद म्हनतो, मास्तरांच्या वहीत नव्वद हाय."

"दहाजण म्हणतात म्हणून?"

"आमी काय येडे हाय का गं बाय?"

कुणीतरी हसलं. लगेच गप्पही झालं.

"थांब पांडू," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा आवाज होता तो. "दटावून गणित सुटत नाही. बाई, तुम्ही कोडं नीट वाचलं होतं ना? कार्ड आणलंय?"

जिजाने पिशवीतून गेल्या तीन महिन्यांची कार्डं काढली. दामू चटकन पुढे झाला. "द्या, मी वाचून दाखवतो."

दामू मास्तरांचा जुना विद्यार्थी, कडावला दवाखान्यात कंपाउंडर होता. वर्षापासून मास्तरांचा हात थरथरू लागला होता. तेव्हापासून कार्डं दामूच लिही. मास्तर कोडं सांगत, उत्तर सांगत, तो कार्डावर आणि वहीत उतरवून घेई. येताना एस.टी.तून त्यांना हाताला धरून उतरवलं होतं तेही त्यानेच.

पण जिजाने कार्डं मास्तरांच्याच हातात दिली.

"सहा घरं आडवी, सहा उभी," मास्तर वाचू लागले. "लहानमोठे मिळून एकूण चौरस किती?" मग त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "हे कोपऱ्यात काय आहे?"

कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: ९०.

"कार्डाचा क्रमांक असेल असं मला वाटलं," जिजा म्हणाली.

मास्तरांनी बाकीची दोन्ही कार्डं पाहिली. त्यांच्याही कोपऱ्यात आकडे होते. वहीत त्या महिन्यांपुढे हेच आकडे होते.

बाहेरून एक ट्रक खडखडत गेला.

"दामू, अक्षर तुझं आहे."

"हो, मास्तर."

"तू उत्तरं फोडतोस? सगळ्यांना?"

दामू आपल्या चपलांकडे बघत राहिला. "हो."

"आणि तुम्ही सगळे ती उतरवून पाठवता? बावीस वर्षांचं मंडळ आपलं! पांडू, तूसुद्धा?"

"चूक झाली, मास्तर," पांडू म्हणाला. "आमची दहांची नावं काटा. बाईंचं ऱ्हाऊ द्या."

"काटा, मास्तर," दामू घाईघाईने म्हणाला. "आत्ताच काटा. आणि वही मिटा."

मास्तरांनी पेन उघडलं. दामूच्या नावावर टोक टेकवताना ते थांबले.

"बाई, निदान तुम्ही तरी स्वतः मोजलंत. चुकलं, पण चोरलं नाही. कसं मोजलंत ते दाखवा. कुठे चुकलं ते मी सांगतो."

"राहू द्या ना आता, मास्तर," दामू म्हणाला.

"तू गप्प बस."

जिजाने पिशवीतून पाटी काढली. वर्गातली चौकट तिच्यावर अजून तशीच होती.

"मी नाही, सर, पोरांनी मोजलं. एकाएका घराचे छत्तीस. दोन-दोनांचे पंचवीस. मग सोळा, मग नऊ, मग चार. सगळे मिळून नव्वदच झाले."

"मग?"

"मी फळ्यावर नव्वद लिहून टाकलं. तेवढ्यात भागी म्हणून एक लहान मुलगी आहे, ती उठली. म्हणाली, 'बाई, कुंपान मोजलं नाय.'"

मास्तरांनी वही मिटून पाटी मांडीवर घेतली. त्यांचं बोट हळूहळू चौकटीच्या कडेने फिरलं. चारही बाजूंनी जाऊन ते पहिल्या कोपऱ्यात परत आलं.

मग त्यांनी उरलेली दोन्ही कार्डं उलटली. पाठीमागे जिजाने केलेली मांडणी होती. ती त्यांनी ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली. चूक कुठेच सापडली नाही. मान वर केली तेव्हा दहाही जण खाली बघत होते. पांडूने डोळ्यांवरून तेलकट हात फिरवला.

"सलग तीन," मास्तर हळूच म्हणाले.

त्यांनी वही पुन्हा उघडली, थरथरता हात दुसऱ्या हाताने धरला आणि पहिल्या ओळीवर सरळ रेघ मारली.