औषधांची खिडकी

थोरलीला जन्मापासून रक्ताचा आजार होता, आईच्या घराण्यातून आलेला. त्यामुळे धाकट्याच्या वेळी आई ताकही फुंकून प्यायली. गर्भ पोटात रुजवण्याआधीच डॉक्टरांनी त्याच्या जनुकातला तो दोष काढून टाकला आणि मुलगा ठणठणीत जन्मला.

आज त्याला कडेवर घेऊन, थोरलीचं बोट धरून ती हॉस्पिटलातल्या औषधांच्या खिडकीशी आली. पूर्वी इथल्या बाकावर टेकायलाही जागा मिळत नसे. याच आजाराच्या मुलांच्या आया, कडू गोळी गिळताना पोरं तोंडं कशी वाकडी करतात, त्याच्या नकला करून हसत बसायच्या. त्यातली काही मुलं मोठी होऊन लांब गेली, काही वाचलीच नाहीत. नवीन मात्र कुणी आलं नाही. आता बाकावर फक्त तिची पर्स होती.

"ताई, गोळ्या नाही मिळायच्या," खिडकीतले काका म्हणाले. "कंपनीने त्या बनवणंच बंद केलंय."

"बंद? अहो, मग हिने काय घ्यायचं? दुसरं काही हिला लागू पडत नाही."

"खपच नाही ना. आता सगळेच तुमच्यासारखे शहाणे झालेत, आधीच दुरुस्त करून घेतात." हात बाहेर काढून त्यांनी बाळाचा गाल हलकेच ओढला. "तसली मुलं आता राहिलीच नाहीत. चांगलंच झालं की."



खिडकीपर्यंत तोंड पोहोचावं म्हणून थोरलीने टाचा उंचावल्या. "काका, मी आहे ना अजून."