होडीतले बारा जण

यशवंतपूरच्या एका छापखान्यात सुब्बाराव मराठी प्रुफं तपासत. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक सुटली नव्हती. आता, १९९४ साली, निवृत्तीला चार दिवस उरले असताना ती सुटू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शेवटचं पुस्तक म्हणजे एका नदीकाठच्या आदिवासी मुलखाचा इतिहास. त्यात एक जुना फोटो होता. पात्राच्या मधोमध होडी आणि खाली ओळ: ‘होडीतले बारा जण. ही जमात आता उरलेली नाही.’ सुब्बारावांनी माणसं मोजली. बारा भरली.

दुसऱ्या प्रुफात होडी काठाजवळ आली होती.

“फोटोचा ब्लॉक बदललात का?” त्यांनी मालकीणबाईंना विचारलं.

“तोच आहे, अण्णा. चष्मा बदला आता,” सुशीलाबाई म्हणाल्या.

सुब्बारावांनी चष्मा पुसला आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘होडी मूळ जागी न्यावी.’

तिसऱ्या प्रुफात होडी काठाला लागली होती. आत कुणीच नव्हतं. सुब्बारावांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि शेवटी कर्तव्य म्हणून ‘बारा जण’ खोडलं.

तेवढ्यात टायपिस्ट रूपश्री दारात आली.

“अण्णा, बाहेर बरेच लोक आलेत. सगळ्यांचे पाय ओले. आत्ताच फरशी पुसली होती हो.”

“काय हवंय त्यांना?”

“जरा घाईत आहेत. छापण्याआधी एक ओळ दुरुस्त करायची म्हणतात.”