पिवळी रेघ

"पुन्हा तोच आवाज," गाडीचे मालक म्हणाले. "खड्डा आला की पुढून खाड. तुम्ही काम करून वर्षही झालं नाही, बाई."

मेकॅनिकने किल्ली घेतली. लाल रंगाची, दोन सीटची ती जुनी स्पोर्ट्‌स कार तिने स्वतः लिफ्टवर नेली. दारातल्या उंचवट्यावर पुढून आवाज आला. खाड.

तिचा नवरा काउंटरवर होता. गाडी दिसताच त्याला बाजारातून ऑइल आणायचं आठवलं. या गिऱ्हाइकाशी त्याचं कधीच जमलं नव्हतं. जाता जाता तो तिच्या कानाशी म्हणाला, "तुझी चूक असेल तर कबूल कर. पण आधी नीट बघ."

चूक असेल तर ती झाकून राहणार नव्हती. शहरात अशा गाड्या मोजक्याच, मालक सगळे एकमेकांच्या ओळखीचे. एकाच्या तोंडून निघालं की सगळ्यांच्या कानी. आणि गॅरेज चालत होतं ते याच गाड्यांवर.

तिने गाडी वर घेतली, टॉर्च मारला. सस्पेन्शनच्या आर्मला जिथे बोल्ट असतो, तिथले रबरी बुश चिरले होते. झिजलेले नव्हते, पिळवटून फाटले होते.

असं एकाच कारणाने होतं. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळले, की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. तिला काम शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी डोक्यात टपली मारून बजावलं होतं, चाकांवर वजन आल्याशिवाय पाना फिरवायचा नाही. ही नवशिक्याची चूक.

मग तिने चिंधी घेतली आणि नटावरचा चिखल पुसला.

काम संपलं की ती प्रत्येक नटावरून आर्मपर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढायची. ती रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, आर्मवरचा दुसरीकडे. पुढच्या नटावरही तेच. त्याच्या पुढच्याही.

तिचा जीव भांड्यात पडला.

"मालक, माझ्यानंतर कुणीतरी हे बोल्ट सैल करून परत आवळलेत."

"कोण आवळणार? शेडला कुलूप असतं. किल्ली माझ्या खिशात."

"दुसऱ्या कुणाला दाखवली होती का?"

"छे! तुमच्याशिवाय कुणाचा हात लागू देत नाही मी."

"मग भुताने केलं म्हणायचं."

"करतही असेल. जुनी गाडी आहे."

"संध्याकाळी फोन करते," ती म्हणाली. पण ते घरी गेले नाहीत. मागच्या खेपेसारखेच स्टूल ओढून बसले आणि तिचे हात बघत राहिले. तिने प्रेसवर जुने बुश काढले, नवे बसवले. मध्ये चहा आला. कप घेताना त्यांची बाही वर सरकली. दोन्ही कोपरांवर सोलल्याचे जुने व्रण होते, फरशीवर उताणं सरपटल्यासारखे.

"हे कशाचे?"

"जिन्यात घसरलो होतो."

"दोन्ही कोपरांवर?"

"जिना मोठा आहे," ते म्हणाले आणि चहात बघू लागले.

तिने त्या कोपरांकडे पाहिलं, मग काढून ठेवलेल्या फाटक्या बुशांकडे. सकाळपासून आवळून धरलेले तिचे खांदे आता कुठे सैल झाले. तिने आर्म जागेवर लावले, बोल्ट घातले, नट हाताने फिरवून बसवले. आता फक्त गाडी खाली घ्यायची होती.

तिने लिफ्टच्या बटणाला हात लावला नाही. चाकं हवेत लोंबकळत होती, तशातच तिने पहिला बोल्ट करकचून आवळला.

"अगं ए!" स्टूल कलंडलं. "चाकं हवेत आहेत! पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं तुला?"

"लक्षात आहे," ती म्हणाली आणि पाना दुसऱ्या बोल्टला लावला. "रबर फाटलं की पुढच्या वर्षी घेऊन या, बाबा. इथे यायचं म्हणून या वयात स्वतः गाडीखाली शिरायचं नाही."