उतरलेल्या तारा
मुलगी वारल्यावर काही महिन्यांनी काकू तिची गिटार घेऊन वाघोलीच्या क्लासला आल्या. सरांनी सगळ्या तारा एकदा छेडून पाहिल्या. “काकू, सहापैकी तीन तारा पार उतरल्यात.” बोलता बोलता त्यांनी खुंट्या पिळून त्या नेहमीच्या सुरात आणल्यासुद्धा. “हं, काय शिकायचंय?” “ती नेहमी एक आयरिश धून वाजवायची. तेवढी आली तरी पुरे.” सरांचा हात खुंटीवरच थांबला. आयरिश धुनांसाठी कित्येक वादक नेमक्या त्याच तीन तारा मुद्दाम उतरवून ठेवतात. “म्हणजे त्या तिनंच तशा लावल्या होत्या,” ते म्हणाले. “सॉरी, काकू. मिनिटभरात परत हुबेहूब तशाच लावून देतो.” काकू नुसत्या खुंट्यांकडे बघत होत्या. “लावा की,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस गिटार पुसताना, तिची बोटं लागलेल्या तेवढ्या खुंट्यांना मी फडकं लागू देत नव्हते. आता ती काळजी मिटली.”